तिजोरीतील समुद्र

हिंगण्यापासून समुद्र फार दूर आहे. आमच्या गावाजवळून वाहणारी वेणा नदी वर्धेला मिळते, वर्धा आणि वैनगंगा एकत्र येऊन प्राणहिता होते, प्राणहिता गोदावरीत जाते आणि गोदावरी बंगालच्या उपसागरात. एवढाच काय तो आमचा आणि समुद्राचा संबंध, असे मी अगदी अलीकडेपर्यंत समजत होतो. येथील माणसाचे लक्ष एमआयडीसीतील कारखान्यांकडे, कापसाच्या भावाकडे आणि नागपूरच्या बाजाराकडे. लाटा पाहावयाच्या त्या सहलीत किंवा दूरदर्शनच्या पडद्यावर.

गेल्या दिवाळीत माझ्या ज्येष्ठ बंधूंच्या दुकानात हा समज नाहीसा झाला.

दादांचे हार्डवेअरचे दुकान चाळीस वर्षांचे जुने आहे. लक्ष्मीपूजनाच्या सायंकाळी आम्ही सारे कुटुंबीय तेथे जमतो, नव्या वह्यांचे पूजन होते. घराघराच्या रूढी निराळ्या. आमच्याकडे पूजेच्या ताटात पाच कवड्या, सात गोमती चक्रे, एक शंख आणि वहिनींची पोवळ्याची अंगठी ठेवण्याची पद्धत आहे. शेजारी त्यांच्या मोत्यांच्या बांगड्या. गादीच्या मागील भिंतीवर, काचेच्या चौकटीत, लाल मखमलीवर चिकटवलेले एक काळे, जाळीदार, पंख्याच्या आकाराचे झुडूप सहा वर्षांपासून टांगलेले होते. त्याला ‘इंद्रजाल’ म्हणतात. एका परिचित व्यापाऱ्याने ते आणून दिले होते. दृष्ट लागत नाही, उधारी वसूल होते, गल्ला भरलेला राहतो अशी त्याची ख्याती. ही समुद्रातील दुर्मिळ वनस्पती आहे, असे सोबतच्या चिठ्ठीवर छापलेले होते.

दादांची नात नागपूरच्या महाविद्यालयात प्राणिशास्त्र घेऊन बी.एस्सी. करीत आहे. आरती आटोपल्यावर प्रसाद घेता घेता ती सहज म्हणाली, “आबा, आपल्या ताटातली प्रत्येक वस्तू प्राण्याची आहे. आणि भिंतीवरची तर हजारो प्राण्यांची.”

दादा हसले. “अगं, ते झाड आहे. नीट बघ, फांद्या आहेत त्याला.”

“फांद्या आहेत, पण ते झाड नाही.”

माझे बंधू कसे आहेत हे वाचकांस सांगितल्यावाचून या संवादाचे गांभीर्य कळणार नाही. कंदमुळे त्यांनी आयुष्यात चाखलेली नाहीत. सूर्यास्तानंतर ते अन्न घेत नाहीत. दुकानातील माठाचे पाणीही गाळलेलेच असते, आणि गाळण्याचे वस्त्र कसे उलटवावयाचे हे ते नोकराला स्वतः दाखवतात. दुकानात मुंग्या झाल्या तर औषध मारू देत नाहीत, पिठाची रेघ ओढून त्यांना बाहेर नेतात. अशा माणसाच्या मस्तकामागे सहा वर्षे काय टांगलेले होते, हा प्रश्न त्या मुलीने विचारला होता. दादांचे हसू मावळले. कोणीतरी विषय बदलला आणि मंडळी घरी गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी दादांनी ती चौकट स्वतःच माझ्या घरी आणली. “तू शिकलेला आहेस, बघ बरे काय आहे ते,” एवढेच म्हणाले. मी वाणिज्य शाखेचा पदव्युत्तर. ताळेबंद वाचता येतो, प्राणी नाही. परंतु बँकेत सोनेतारण कर्जाच्या काळात घेतलेले एक भिंग माझ्याकडे होते. काच काढून आम्ही तिघांनी पाहिले. काळ्या काड्यांच्या बेचक्यांत कोठे कोठे मातकट साल शिल्लक होती आणि त्या सालीवर सुईच्या टोकाएवढी छिद्रे ओळीने दिसत होती. चौकटीच्या तळाशी एक तुकडा गळून पडला होता. नातीने तो चिमट्यात धरून निरांजनाच्या ज्योतीवर नेला. लाकूड जळाल्याचा वास आला नाही. केस जळाल्याचा आला. वहिनींनी काही न बोलता खिडक्या उघडल्या.

केस, नखे, शिंगे यांप्रमाणेच त्या काळ्या काडीचा मुख्य घटक प्रथिन आहे, म्हणून तो वास. वनस्पतीचे खोड तसे नसते.

त्या वासाबरोबर मला एक विसरलेली रात्र आठवली आणि स्वतःची लाज वाटली. १९९४ ते १९९७ ही तीन वर्षे माझी बदली सिंधुदुर्ग जिल्ह्यातील एका शाखेत होती. होडी आणि जाळ्यांसाठी कर्ज घेणारे मच्छीमार आमचे खातेदार. शाकाहारी विदर्भवासी अधिकारी म्हणून ते माझी थट्टा करीत, पण माया करीत. जाळ्यात मासे सोडून जे जे विचित्र येई ते मला मुद्दाम दाखवीत. एकदा एका खातेदाराच्या जाळ्यात केशरी रंगाचा, हातभर उंचीचा, पंख्यासारखा एक फांदीदार गुंता आला. जाळे फाटले म्हणून तो वैतागला होता. मी घरी शोभेसाठी मागितला, तेव्हा तो म्हणाला, “साहेब, थांबा. रात्री बघा, मग काय ते ठरवा.” त्याने तो गुंता समुद्राच्या पाण्याने भरलेल्या बादलीत ठेवला. रात्री कंदील घेऊन गेलो तो काय, केशरी फांद्यांवर सर्वत्र पांढरी, नाजूक, पिसासारखी फुले उमललेली! मी बोट लावले. जेथे लावले तेथील फुले क्षणात आत गेली. पहाटे त्याने तो पंखा होडीतून नेऊन पुन्हा पाण्यात सोडला. तगला की नाही कोण जाणे.

हे सारे मी डोळ्यांनी पाहिले होते. आणि तरीही सहा वर्षे दादांच्या गादीसमोर बसून चहा पिताना भिंतीवरील ती काळी जाळी म्हणजे त्याच पंख्याचा सांगाडा, हे मला ओळखता आले नाही.

आता ती फुले म्हणजे काय, ते सांगतो. प्रत्येक फूल हा एक स्वतंत्र जीव, त्याला पॉलिप म्हणतात. देह काही मिलिमीटरांचा. मध्यभागी तोंड, भोवती पिसांसारखे आठ बाहू. पाण्याबरोबर वाहत येणारे सूक्ष्म प्लवक हे बाहू पकडतात आणि तोंडाकडे नेतात. एका पंख्यावर असे हजारो पॉलिप असतात. आतून बारीक नलिकांनी ते एकमेकांस जोडलेले असतात, त्यामुळे एकाने मिळविलेले अन्न इतरांपर्यंत पोहोचते. आपल्या वाचकांस समजेल अशा भाषेत सांगावयाचे तर ही एकत्र कुटुंबाची पेढी. कमाई कोणाचीही असो, जमा एकाच खात्यात. मधली काळी काडी ही या सर्वांनी मिळून तयार केलेली इमारत. पंखाही वाटेल तसा वाढत नाही. प्रवाह ज्या दिशेने येतो त्याला आडवा पसरतो, म्हणजे वाहते पाणी अधिकाधिक तोंडांवरून जावे. याला समुद्रपंखा म्हणतात. बाजारात ‘इंद्रजाल’ म्हणून विकले जाते ते बहुधा हे पंखे, नाहीतर त्यांचे दूरचे नातलग असलेले काळे प्रवाळ.

दादांनी फसगत करून घेतली म्हणून त्यांना हसण्याचे कारण नाही. युरोपातील पंडितांनीही प्रवाळांस वनस्पतीच मानले होते. अठराव्या शतकाच्या आरंभी मार्सिलीसारख्या नामवंत अभ्यासकाने समुद्राच्या पाण्यात प्रवाळ ठेवून त्यावर उमललेली पांढरी फुले पाहिली आणि प्रवाळ फुलणारे झाड आहे असे जाहीर केले. पुढे पेसोनेल नावाच्या एका फ्रेंच वैद्याने समुद्रकाठी राहून निरीक्षण केले आणि ही फुले नसून प्राणी आहेत असे पॅरिसच्या विज्ञान अकादमीस कळविले. १७२७च्या सुमाराची ही गोष्ट. अकादमीतील थोर शास्त्रज्ञ रेओम्यूर यांना हे मत इतके वेडगळ वाटले, की त्यांनी ते सभेत मांडताना पेसोनेलचे नावच घेतले नाही, उगाच बिचाऱ्याची बदनामी नको म्हणून! पेसोनेलचे म्हणणे खरे ठरावयास पुढे बरीच वर्षे गेली. ज्याने दोन्ही बाजूंनी पाहिले तेच दृश्य, तीच फुले. एकाला झाड दिसले, दुसऱ्याला जीव.

या प्राण्यांचे वय ऐकले तर मती गुंग होते. हवाई बेटांजवळील खोल समुद्रातील एका काळ्या प्रवाळाचे वय शास्त्रज्ञांनी कार्बन पद्धतीने मोजले, ते सुमारे ४,२६५ वर्षे निघाले. हा अभ्यास २००९ साली प्रसिद्ध झाला. भगवान महावीरांच्या निर्वाणास अडीच हजारांहून अधिक वर्षे झाली. हा जीव त्याच्याही कितीतरी आधीपासून एकाच जागी बसून वाढत होता. सर्वच प्रवाळ इतके दीर्घायुषी नसतात, आणि दादांच्या चौकटीतील पंखा किती वर्षांचा होता हे कोणी सांगू शकत नाही. पण वर्षाकाठी वाढ अगदी थोडी, हे बहुतेकांना लागू आहे. आज तोडलेला हातभर पंखा पुन्हा तेवढा होण्यास बराच काळ जावा लागतो.

आणि पंखा एकटा नसतो. १९६९ साली न्यू कॅलेडोनियातील नूमेआच्या मत्स्यालयासाठी बार्जिबां नावाच्या संग्राहकाने एक समुद्रपंखा काढून आणला. टेबलावर तो तपासत असताना त्याला त्याच्या फांद्यांवर चिकटलेले दोन चिमुकले समुद्रघोडे दिसले. उंची जेमतेम दोन सेंटिमीटर, अंगावर पंख्याच्या पॉलिपांसारख्याच गुलाबी गाठी. पंखा समुद्रात होता तोवर ते कोणाच्या नजरेस पडले नव्हते. त्या जातीला पुढे त्याचेच नाव मिळाले. समुद्रघोड्यांत पिले पोटाच्या पिशवीत वाढवितो तो नर, हे अनेकांना ठाऊक असेलच. या अंगठ्याच्या नखाएवढ्या प्राण्यांतही तीच रीत आहे.

त्या दिवसापासून दादा ताटातील एकेका वस्तूची चौकशी करू लागले. मीही निवृत्त माणूस, वेळ भरपूर.

कवडीविषयी बोलताना माझ्यातील बँकवाला जागा होतो, त्याबद्दल क्षमा असावी. आपण ‘कवडीमोल’ म्हणतो, ‘कवडीचुंबक’ म्हणतो, खिशात ‘फुटकी कवडी’ नाही म्हणतो. म्हणजे आपल्या भाषेने तिला सर्वांत खालचे नाणे ठरविले. परंतु चलन म्हणून तिच्यासारखे चोख चलन विरळा. झिजत नाही, गंजत नाही, बनावट पाडता येत नाही, मोजता येते आणि तोलताही येते. चलनी कवडी मुख्यत्वे मालदीव बेटांतून येई. लिनियसने १७५८ मध्ये तिला शास्त्रीय नाव दिले तेच मुळी ‘मोनेटा’, म्हणजे नाणे. चौदाव्या शतकात इब्न बतूता मालदीवमध्ये काझी होता. तेथे चार लाख कवड्यांना एक सुवर्ण दिनार पडे, आणि भाव कोसळला की बारा लाखांपर्यंतही, अशी विनिमयाची नोंद त्याने करून ठेवली आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस सिल्हेट जिल्ह्याचा सरकारी महसूल कवड्यांत जमा होत असे, रुपयाला पाच हजारांहून अधिक. त्या खजिन्याच्या रोखपालाची मला मनापासून दया येते. याच कवड्या युरोपीय जहाजांनी पश्चिम आफ्रिकेत नेल्या आणि त्यांच्या मोबदल्यात माणसे गुलाम म्हणून विकत घेतली. एकोणिसाव्या शतकात व्यापाऱ्यांनी पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावरील स्वस्त जातीच्या कवड्या तेथे जहाजे भरून ओतल्या आणि चलनवाढीने ते चलन बुडाले.

पण इब्न बतूताने आणखीही एक गोष्ट लिहिली आहे. समुद्रातून काढलेल्या कवड्या किनाऱ्यावरील खड्ड्यांत घालतात, आतील मांस नाहीसे होते आणि पांढरे हाड उरते. म्हणजे लाखाच्या हिशेबात जे मोजले जाई, त्यातील प्रत्येक नग एक गोगलगाय होती. जिवंत कवडी आपल्याला दिसते तशी दिसत नाही. ती फिरू लागली की पोटाखालच्या फटीतून मऊ कातडीची झालर दोन्ही बाजूंनी वर येते आणि सारी कवडी झाकून टाकते. याच झालरीने कवडीचे कवच घडते, आणि तिच्याचमुळे त्यावर शेवाळ धरत नाही, चरे पडत नाहीत. आपल्या गल्ल्यातील कवडीची चकाकी कोणा कारागिराची नव्हे, त्या जीवाने जन्मभर पांघरलेल्या शालीची आहे.

बाकीच्यांचे थोडक्यात आटोपतो. गोमती चक्र ही शंखवर्गीय समुद्री गोगलगाईच्या घराची झाकणी. शत्रू आला की ती आत शिरून हे दार ओढून घेते. मोती आपणास परिचित आहे. जपानच्या मिकिमोटोने १८९३ साली शिंपल्यात मोती पिकविण्यात यश मिळविले, आणि आज बाजारातील बहुतेक मोती शिंपल्याच्या देहात शस्त्र चालवून घडविले जातात. दक्षिणावर्ती शंखाबद्दल मात्र व्यापारी बांधवांस सावध केले पाहिजे. आपल्या समुद्रातील खऱ्या पूजेच्या शंखात उलट वळणाचा नग अत्यंत क्वचित सापडतो. बाजारात स्वस्तात मिळणारे पुष्कळसे ‘दक्षिणावर्ती’ हे अमेरिकेच्या किनाऱ्यावरील एका वेगळ्याच गोगलगाईचे कवच असते, जिचे वळण जन्मतःच तसे असते. दुर्मिळतेची किंमत द्यावयाची आणि घ्यावयाचे ते सामान्य!

पाठशाळेत आपण सारेच शिकलो की शंख, कवडी हे द्वींद्रिय जीव. शांतिसूरींच्या ‘जीवविचार’ प्रकरणात त्यांची गणना तशीच आहे. विद्रुम म्हणजे पोवळे मात्र तेथे पृथ्वीकायात येते. दादांनी हे मला स्वतः काढून दाखविले. थोडा वेळ पुस्तक मांडीवर ठेवून ते म्हणाले, “पृथ्वीकाय म्हटले, तरी जीव म्हटलेच आहे ना.”

यात कायद्याचाही भाग आहे आणि तो व्यापाऱ्यास ठाऊक असणे अगत्याचे आहे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम १९७२च्या पहिल्या अनुसूचीत २००१ साली समुद्रपंखे, काळे प्रवाळ आणि खडक उभारणारी सर्व प्रवाळे यांचा समावेश झाला. ज्या अनुसूचीत वाघ आहे, त्याच अनुसूचीत. समुद्रघोडेही त्याच वर्षी तेथे आले. या अनुसूचीतील प्राण्यांच्या वा त्यांच्या अवशेषांच्या बाबतीतील गुन्ह्यास किमान तीन आणि कमाल सात वर्षांच्या कारावासाची तरतूद आहे. ‘इंद्रजाल’ मात्र पूजासाहित्याच्या दुकानांत आणि इंटरनेटवर वनस्पती म्हणून विकले गेले आहे, आणि ते टांगणाऱ्यांत आपल्यासारखी पापभीरू कुटुंबेच अधिक. वाघाचे कातडे दुकानात टांगण्याचे धाडस आपल्यापैकी कोणी करील काय?

हे सारे कोठे दूरच्या देशात घडते असेही नाही. मालवणला सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास उथळ पाण्यात प्रवाळ आहेत. १९८७ साली तेथे सागरी अभयारण्य घोषित झाले. विजयदुर्गच्या पश्चिमेस शंभराहून अधिक किलोमीटरवर, भर समुद्रात, पाण्याखाली एक विस्तीर्ण पठार आहे, कान्होजी आंग्र्यांच्या घराण्याचे नाव धारण करणारे ‘आंग्रिया बँक’. त्याचा माथा पृष्ठभागापासून वीसएक मीटर खाली आहे आणि त्यावर प्रवाळांची वस्ती आहे. मी सिंधुदुर्गात तीन वर्षे बँकेतच होतो, पण या बँकेचे नाव त्या काळी माझ्या कानावर आले नव्हते.

चौकटीचे काय करावे यावर घरात चार दिवस चर्चा चालली. पुतण्याचे म्हणणे, गुपचूप नदीत विसर्जन करावे. वहिनींचे म्हणणे, पुरून टाकावे. देणाऱ्याला परत करावे असेही कोणी सुचविले, तर दादा म्हणाले, “म्हणजे तो दुसऱ्याला विकेल.” शेवटी त्यांनी स्वतःच्या अक्षरात अर्ज लिहिला. ही वस्तू काय आहे हे माहीत नसताना सहा वर्षे दुकानात ठेवली, आता कळल्यावर जमा करीत आहे, इतकाच मजकूर. आम्ही दोघे ती चौकट कापडात गुंडाळून वन विभागाच्या कार्यालयात गेलो. दादांचे हात थरथरत होते. कायद्याच्या भीतीने की आणखी कशाने, ते मी विचारले नाही. तेथील तरुण अधिकाऱ्याने कापड उलगडले, बराच वेळ पाहिले, नाव-पत्ता विचारला आणि नोंद केली. अर्जाच्या प्रतीवर पोच घेतल्याशिवाय मी कोणत्याही कार्यालयातून उठत नाही, तीही घेतली. ती आता दुकानाच्या फायलीत आहे.

भिंतीवर चौकटीच्या जागी फिकट चौकोन आणि एक खिळा राहिला. पुतण्या तेथे कॅलेंडर लावू पाहत होता, दादांनी लावू दिले नाही.

त्या रात्री जेवणे सूर्यास्तापूर्वीच झाली होती. आम्ही ओसरीवर बसलो होतो. वहिनींनी बोटातील पोवळ्याची अंगठी काढून माझ्यासमोर धरली. ती त्यांच्या आईची. भूमध्य समुद्रातील तांबड्या प्रवाळाची असावी. त्या प्रवाळावरही आठ बाहूंची तीच पांढरी फुले उमलतात, पेसोनेलने पाहिली ती हीच. “भाऊजी, मग हिचे काय?” त्यांनी विचारले. आईची एवढीच एक वस्तू त्यांच्याजवळ उरली आहे, हे मला ठाऊक होते.

मला उत्तर देता आले नाही. दादाही काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी वहिनींनी ती अंगठी मोत्यांच्या बांगड्यांसह बँकेच्या लॉकरमध्ये ठेवली. पुढील दिवाळीस ती ताटात येईल की नाही, हे अजून ठरलेले नाही. लॉकरची किल्ली त्यांच्याकडेच आहे.